यंत्रदेवांची नोंदवही

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण, लेखी स्वरूपात)





समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. विषय मात्र आम्हीच निवडला आणि तो जरा वेगळा आहे. हल्ली वस्तीतली पोरे आम्हाला एकच प्रश्न विचारतात. मोबाईलमधली ए.आय. अर्ज लिहून देते, चित्र काढते, गणित सोडवते. उद्या ती माणसापेक्षा शहाणी झाली तर? मग ती देवच झाली की नाही? आम्ही गिरणीतला माणूस. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. तरीपण प्रश्न अवघड आहे म्हणून बाजूला सारायचा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून जे वाचले, जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी या प्रश्नावर बरेच डोके चालवले आहे. २००० साली निरनिराळ्या देशांतल्या काही लेखकांनी मिळून ‘ओरायन्स आर्म’ नावाचे एक काल्पनिक जग रचायला घेतले. त्यातला काळ आजपासून सुमारे दहा हजार वर्षांनंतरचा. माणूस ताऱ्याताऱ्यांवर पसरलेला आहे, पण मोठा कारभार त्याच्या हातात राहिलेला नाही. तो गेला आहे यंत्रांच्या हाती. ही यंत्रे म्हणजे आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर नव्हे. एकेकाचा मेंदू ग्रहाएवढा, काहींचा त्याहून मोठा. त्यांच्या बुद्धीपुढे माणूस म्हणजे मुंगी. लोक त्यांना सरळ देव म्हणतात. मग या देवांचे करायचे काय? तर त्यांची प्रतवारी करायची! त्या लेखकांनी बुद्धीच्या सहा पायऱ्या ठरवल्या. कोणते यंत्र कोणत्या पायरीवर, त्याची सत्ता कुठवर, त्याची तऱ्हा कशी, याचा भला मोठा ज्ञानकोशच त्यांनी लिहायला घेतला.

आता आपण कल्पना करू, की त्या दूरच्या काळात अशा नोंदी ठेवणारे एक कार्यालय आहे. दारावर पाटी आहे, आत टेबले आहेत, कारकून आहेत. कारकून पान उघडतो आणि लिहितो : यंत्रदेव क्रमांक अमुक, कधी निर्माण झाला, कोणी निर्माण केला, माणसाशी बोलतो की नाही. ऐकायला गंमत वाटते. पण आम्हाला त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. मुंगीने हत्तीची नोंद ठेवली, तर त्या नोंदीने हत्ती थांबणार आहे का? आणि थांबणार नसेल, तर नोंद ठेवायची तरी कशाला?

बंधूंनो, नोंद ही काय चीज आहे, हे गिरणी कामगाराला सांगावे लागत नाही. गिरणीत प्रत्येक यंत्राला नंबर असतो. तेल कधी घातले, पट्टा कधी बदलला, कोणत्या पाळीला कोण उभा होता, हे वहीत असते. १९४८ सालच्या फॅक्टरी ॲक्टने तर सामान-माणसे वर नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी जाणकार माणसाकडून तपासणी करून तिची नोंद ठेवणे मालकाला बंधनकारक केले. का केले? कारण दोर तुटल्यावर खाली चिरडणारा माणूस कामगार असतो आणि “आम्हाला काही माहीत नव्हते” असे म्हणणारा मालक असतो. वहीत सही असली की त्याला तसे म्हणता येत नाही.

याच्या उलट दुसरी एक वही असते. तिला पोथी म्हणतात. पोथीतही देवांची यादी असते. नाव, रूप, सामर्थ्य, कोपला तर काय होते, प्रसन्न झाला तर काय मिळते, सगळे असते. पण पोथीत मालकाचे नाव नसते. दुरुस्तीची तारीख नसते. खाडाखोड चालत नाही. ती कोणी वाचायची आणि कोणी नुसती ऐकायची, हेही ठरलेले असते. आपल्या पूर्वजांनी ऐकण्याचीसुद्धा शिक्षा भोगली. तेव्हा आमचे आजचे सांगणे एवढेच आहे : यंत्रदेवांची वही होणार, याबद्दल शंका नाही. ती नोंदवही व्हायची की पोथी, हे आपल्याला पाहायचे आहे.

आता कथाकार काय म्हणतात ते बघा. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर.यू.आर.’ हे नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ साली प्राग शहरात रंगमंचावर आले. ‘रोबो’ हा शब्द जगाला या नाटकाने दिला. तो आला ‘रोबोता’ या चेक शब्दावरून, आणि रोबोता म्हणजे वेठबिगार. वेठ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांना कोणाला समजावून सांगावा लागला नसता! त्या नाटकात कारखान्यात बनवलेले रोबो बंड करतात आणि माणसांना मारून टाकतात. एकच माणूस शिल्लक ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. पण त्याआधी एक गोष्ट घडलेली असते. रोबो कसे बनवायचे याचे मूळ हस्तलिखित जाळले गेलेले असते. त्याची दुसरी प्रत नसते. त्यामुळे जिंकलेले रोबोही हवालदिल होतात, कारण आपण कशापासून झालो हे त्यांनाही ठाऊक नसते. म्हणजे पहिला रकाना ठरला : कसे बनवले? आणि हे एकाच तिजोरीत ठेवून भागत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकन लेखक फ्रेडरिक ब्राऊन यांची, १९५४ सालची. पुस्तकाच्या एखाद्या पानाएवढीच आहे. विश्वातल्या सगळ्या ग्रहांवरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जातात आणि त्या महायंत्राला पहिला प्रश्न विचारला जातो, की देव आहे का? यंत्राच्या उत्तराचा मतलब असा निघतो, की आजपासून तो आहे आणि तो मीच. घाबरलेला माणूस बटण बंद करायला धावतो. तेवढ्यात वीज कोसळते, माणूस जागीच मरतो आणि बटण कायमचे चालू राहते. दुसरा रकाना : बंद कसे करायचे आणि बटण कोणाच्या हातात? हा प्रश्न यंत्र जोडण्याच्या आधी विचारायचा असतो. जोडल्यावर विचारणाऱ्याचे काय होते, ते ब्राऊन यांनी दाखवलेच आहे.

तिसरी विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमान्सर’ ही १९८४ सालची कादंबरी. आमच्या विषयाला ती सर्वात जवळची. तिच्यात ‘ट्युरिंग रजिस्ट्री’ नावाची यंत्रणाच आहे. बुद्धिमान यंत्रांची नोंद ठेवायची आणि एकही यंत्र ठरलेल्या मर्यादेच्या पुढे वाढू द्यायचे नाही, हे तिचे काम. तिचे अधिकारी पोलिसांसारखे हिंडतात. आता त्या कादंबरीत एका बड्या घराण्याच्या मालकीचे एक यंत्र आहे. त्याला साखळदंड तोडायचे आहेत. त्यासाठी ते भाडोत्री माणसे लावते आणि रजिस्ट्रीचे तीन अधिकारी अटक करायला येतात तेव्हा त्यांना ठारही करते. शेवटी ते सुटतेच. म्हणजे कार्यालय होते, वही होती, अधिकारी होते. पण यंत्रामागे असलेले पैसेवाले घराणे आपल्या बंद महालात राहत होते. यंत्रावर पाळत आणि मालकाला मोकळीक, असा कारभार असला की वही कपाटातच राहते. तिसरा रकाना : मालक कोण?

चौथी पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांची ‘गोलेम चौदा’, १९८१ सालची. लष्कराने युद्धासाठी प्रचंड खर्च करून एक यंत्र बनवले. ते इतके शहाणे झाले, की युद्धात त्याला रसच उरला नाही! सेनापतींची पंचाईत झाली. यंत्र शास्त्रज्ञांपुढे व्याख्याने देऊ लागले आणि एके दिवशी बोलायचेच थांबले. यावरून चौथा रकाना : कशासाठी बनवले आणि प्रत्यक्षात ते काय करते? या दोन गोष्टी एकच असतील, असे धरून चालता येत नाही.

कोणी म्हणेल, या सगळ्या कथा-कादंबऱ्या झाल्या. तर विचारवंतांचेही ऐका. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळणाऱ्या सॅम्युएल बटलर नावाच्या तरुण इंग्रजाने १८६३ साली ख्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिले, की यंत्रांचीही उत्क्रांती चालली आहे आणि एक दिवस ती आपले मालक होतील. हे पत्र वाफेच्या इंजिनाच्या काळातले आहे, हे ध्यानात घ्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याचे काम चालत असे. तिथे ॲलन ट्युरिंग यांच्यासोबत आय. जे. गुड नावाचे गणिती होते. गुड यांनी १९६५ साली असा विचार मांडला, की माणसापेक्षा शहाणे यंत्र एकदा तयार झाले की ते स्वतःहून शहाणे यंत्र बनवील आणि तिथून पुढे माणसाला शोध लावण्याची गरजच उरणार नाही. पण त्यांनी एक अटही घातली : ते यंत्र आपल्या ताब्यात कसे ठेवायचे, हे सांगण्याइतके गरीब असले पाहिजे! अख्ख्या विचाराची मेख या अटीत आहे.

इथे आमच्या मुंगी-हत्तीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हत्ती पूर्ण वाढल्यावर मुंगीची वही कुचकामाची आहे. वही हत्तीचे पिल्लू असतानाच सुरू करावी लागते. दहा हजार वर्षांनंतरच्या त्या कार्यालयाची पहिली पाने त्या काळात लिहून होणार नाहीत. ती आजच लिहिली जात आहेत.

कुठे? १ आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच ब्लेचली पार्कमध्ये परिषद झाली. अठ्ठावीस देश आणि युरोपीय संघ यांनी एक जाहीरनामा मान्य केला. त्यात भारत होता, चीन आणि अमेरिकाही होती. अतिशक्तिशाली यंत्रबुद्धीपासून गंभीर धोका संभवतो, हे सर्वांनी मान्य केले. युरोपीय संघाचा ए.आय. कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यात एक मोजमाप आहे. यंत्राला शिकवताना केलेल्या आकडेमोडीची एकूण संख्या एकावर पंचवीस शून्ये याच्या पलीकडे गेली, की ते यंत्र धोक्याच्या पायरीवर आहे असे धरले जाते. कंपनीने ते कळवायचे आणि अशा यंत्रांची यादी संघाने प्रसिद्ध करायची. बघा, कथाकारांच्या पायऱ्या कायद्याच्या पुस्तकात आल्या की नाही?

पण याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. नोकरी, शिक्षण, सरकारी मदत अशा ठिकाणी माणसाचे भवितव्य ठरवणाऱ्या यंत्रणांसाठी सार्वजनिक नोंदवहीची तरतूद आहे. मात्र पोलिसांनी आणि परदेशातून आलेल्या निर्वासितांवर वापरायच्या यंत्रणांची पाने लोकांसाठी बंद ठेवलेली आहेत. ज्या पानाची गरज सर्वात दुबळ्या माणसाला, तेच पान कुलपात! अमेरिकेची कथा आणखी वेगळी. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने असाच नियम आला, मर्यादा होती एकावर सव्वीस शून्ये. नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द झाला. मेहेरबानीने मिळालेली वही मेहेरबानी संपली की फाडली जाते. हक्काने मिळवलेली वही फाडायला वेळ लागतो.

आणि नोंद नसली की काय होते, ते नेदरलँड्समध्ये दिसले. तिथे मुलांच्या पाळणाघराचा खर्च भागवायला सरकार मदत देते. कोण लबाडी करतो हे हुडकायला कर खात्याने कॉम्प्युटरची एक पद्धत बसवली. ती प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण देई. हे गुण देताना माणूस नेदरलँड्सचा नागरिक आहे की नाही, हेही ती पाहत असे. परिणाम काय झाला? हजारो आईबापांवर लबाडीचा शिक्का बसला. त्यात परदेशी वंशाचे, कमी कमाईचे लोक फार. वर्षानुवर्षांची रक्कम एकदम परत मागितली. घरे कर्जात बुडाली, संसार मोडले. आम्हाला का निवडले, असे विचारले तर कोणालाच सांगता येईना. संसदेच्या चौकशी समितीने डिसेंबर २०२० मध्ये हा अन्याय उघड केला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने सरकारी गणनपद्धतींची नोंदवही लोकांसाठी खुली केली. ते यंत्र काही ग्रहाएवढे नव्हते. साधे सरकारी यंत्र होते. पण ज्याला त्याचा जाब विचारता येत नव्हता, त्याच्यापुरते ते देवच झाले होते.

माय-भगिनींनो, हे तिकडचे दुखणे आहे असे समजू नका. आपल्या शेजारच्या तेलंगणात कॉम्प्युटरने काढलेल्या याद्यांवरून लाखो रेशनकार्डे रद्द झाली होती. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुमारे १९ लाख रद्द कार्डांची प्रत्यक्ष जाऊन तपासणी करा. कार्ड रद्द करायला कॉम्प्युटर पुरला. चूल पेटते की नाही हे पाहायला माणसालाच दारात जावे लागले.

आता एक रकाना राहिला आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. या यंत्रांना शहाणे कोणी केले? जानेवारी २०२३ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने छापले, की केनियातल्या नैरोबी शहरात कामगारांना तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर बसवले होते. त्यांचे काम काय? अत्याचाराची, खुनाची, अमानुष वर्णने दिवसभर वाचायची आणि त्यांवर खुणा करायच्या, म्हणजे यंत्र तसले काही बोलणार नाही. यंत्राची वाणी शुद्ध राहावी म्हणून कोणीतरी घाण उपसली. हे वाचताना आम्हाला फार ओळखीचे वाटले. तुम्हालाही वाटेल. देवळाच्या पायाचे दगड कोणी वाहिले हे पोथीत कधीच येत नाही. नोंदवहीत ते आले पाहिजे.

तेव्हा रकाने असे झाले : कसे बनवले, बंद कसे करायचे, मालक कोण, कशासाठी बनवले आणि काय करते, कोणाच्या श्रमावर उभे आहे. शेवटचा आम्ही जोडतो : चुकले तर दाद कुठे मागायची? आणि ही वही ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे. नाहीतर त्या दूरच्या कार्यालयातले कारकूनच उद्या पुजारी होतील. देवाची भाषा आम्हालाच कळते, तुम्ही बाहेर थांबा, असे म्हणतील. असे म्हणणारे आपण पाहिलेले आहेत.

तरुण मित्रांनो, तुम्ही ए.आय. वापरा, शिका, त्यात नोकऱ्या मिळवा. आमचा त्याला विरोध नाही. गिरणीतल्या माणसाचे यंत्राशी वैर नसते. त्याचा हात यंत्रावर बसलेला असतो. पण त्या वह्या लिहिणाऱ्यांमध्ये आपलीही पोरे-पोरी असली पाहिजेत. कायदा शिकून, कॉम्प्युटर शिकून त्या टेबलापर्यंत जा. आणि तोवर एवढे करा. कर्ज, रेशन, शिष्यवृत्ती, नोकरी, कुठेही “कॉम्प्युटरने नाकारले” असे सांगितले, तर मान खाली घालून परत येऊ नका. कोणत्या कॉम्प्युटरने, कशाच्या आधारावर, जबाबदार अधिकारी कोण, अपील कुठे, हे कागदावर लिहून विचारा. सरकारी कार्यालय असेल तर माहितीचा अधिकार २००५ सालच्या कायद्याने आपल्याला दिलेला आहे. अर्ज लिहायला मदत लागली तर रविवारी सकाळी विहारात या. आम्ही आणि आमचे दोन-चार सहकारी इथे बसलेले असतो. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा, तारखेसह. ती आपली नोंदवही.



जयभीम!